देवयानीसाठी अंधार

त्या हिवाळ्यात देवावरून माझं मन उडालं होतं. यजमानांचा आजार हाताबाहेर गेला होता. शहरातल्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" असं सांगितलं आणि आम्ही धर्मापुरीला परत आलो.

यजमानांना आकाशाचं वेड. अंगणात दुर्बीण मांडून, तिला कॅमेरा जोडून ते तेजोमेघांचे, दीर्घिकांचे फोटो काढायचे. देवयानी दीर्घिकेचा मनासारखा फोटो मात्र त्यांना कधी मिळाला नव्हता. आता त्यांना उठवत नव्हतं. खाटेवरून ते सांगायचे, मी शिकायचे. "एवढी देवयानी दाखव मला," म्हणायचे. पण शेजारच्या देवळात सप्ताह बसला. मांडवाचे हॅलोजन थेट आमच्या अंगणात यायचे आणि फोटोत नुसता धुरकट पांढरेपणा उमटायचा. सप्ताह उठेपर्यंत ते राहतील का, याचा भरवसा नव्हता. देवानं बरं तर केलंच नाही, वर त्याचाच उजेड मला आडवा आला, असं वाटून एका संध्याकाळी दुर्बिणीपाशी बसून मी रडले.

तेवढ्यात एक म्हातारी पाणी प्यायला फाटकातून आत आली. सप्ताहाला आलेली असावी. ओळखीची नव्हती.

"कावून रडतीस गं माय?"

सगळं सांगितलं. तिला देवयानी काय कळली, कुणास ठाऊक. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "उजेड नको, एवढंच ना? थांब, सांगते त्यांला."

थोड्या वेळानं मांडवातले दिवे विझले. मला वाटलं वीज गेली. पण आमच्या घरात दिवा होता. हरिपाठ थांबला नव्हता. माणसं काळोखात बसून टाळ वाजवत होती. मी घाईनं घरातला दिवा मालवला. एकामागून एक फोटो घेत गेले. मांडवातला एक टाळकरी फाटकाशी येऊन म्हणाला, "वहिनी, निवांत होऊ द्या. हरिपाठ आमाला तोंडपाठ हाय. उजेड कशाला लागतोय?"

ते सगळे फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले, तेव्हा देवयानी हळूहळू वर आली. तिरपी, कडेला काळसर पट्टे. यजमान कितीतरी वेळ बघत राहिले. "मधे जरा जास्त उजळ झालीय," म्हणाले. मग डोळे पुसून, "पण आली."

त्या बाईचा मी नंतर शोध घेतला. कुणालाच ती आठवेना. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तिचे पाय धरायचे राहिले, एवढीच रुखरुख आहे.

काल्याच्या आदल्या दिवशी, सप्ताह उठण्याआधीच, ते गेले. तोवर रोज मी त्यांच्या कानाशी "राहा, राहा" म्हणत आले होते. त्या दिवशी हात हातात घेतला आणि "या आता," म्हणाले. ते म्हणायचं बळ माझं नव्हतं. ज्यानं दिलं, त्याला माझा नमस्कार.