मी लिहिलेली हरकत

लग्नानंतर कितीतरी वर्षं अक्का आणि मी दर गुरुवारी भेटायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या माहेरी घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी, त्यामुळे 'ताई' म्हणायची सवय कधी लागलीच नाही. तिचं सासर जुन्या गावात, बाळीवेशीतल्या एका बोळात. माझं घर विजापूर रोडला, त्या काळी जिथं शहर संपायचं तिथल्या कॉलनीत. शाळा सुटली की मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पिशवीत घालून सिटी बसमध्ये बसायची आणि तिच्याकडे जायची. एखाद्या गुरुवारी ती माझ्याकडे यायची. चप्पल काढता काढताच विचारायची, "ऊटा आत?" जेवलीस का, एवढंच. पण आई गेल्यावर हे त्या भाषेत विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मग बस कमी होत गेल्या. एकदम बंद पडल्या असत्या तर कुणी ओरड तरी केली असती. आधी दुपारची फेरी गेली, मग संध्याकाळची. थांब्यावरचं छप्पर तेवढं राहिलं आणि त्याखाली एक शहाळीवाला बसायला लागला. अक्काकडे जायचं तर शेअर रिक्षानं सात रस्त्याच्या चौकात उतरायचं, गाड्यांतून वाट काढत पलीकडे जायचं आणि दुसरी रिक्षा भरेपर्यंत उभं राहायचं. मला ते जमायचं. अक्काचे गुडघे गेले होते. रिक्षात चढताना तिला दोन्ही हातांनी दांडी धरावी लागे, आणि मागचा माणूस "आजी, आटपा की" म्हणाला की ती कानकोंडी व्हायची. दर गुरुवारची भेट महिन्यावर गेली, महिन्याची सणावर. फोन होताच. पण फोनवर अक्का नेहमी घाईत बोलायची, जणू पलीकडच्या खोलीत कुणी खोळंबलंय. खोळंबलेलं असायचंही. दोन खोल्या, त्यात ती, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. वर मजला चढवायचा तर बोळ अरुंद म्हणून परवानगी मिळत नव्हती.

अशात शहराचा नवा विकास आराखडा आला. कुठला रस्ता रुंद होणार, उड्डाणपूल कुठून जाणार, कुठल्या शेतजमिनीवर घरं बांधायला मुभा मिळणार, हे सगळं त्या नकाशात होतं. आमच्या कॉलनीमागं बाभळी वाढलेलं एक मोठं रान होतं. कागदोपत्री ते शेतीचं. आराखड्यात त्यावर पिवळा रंग आला होता. पिवळा म्हणजे रहिवासी. तिथं लहान लहान घरांच्या इमारती होणार आणि कोपऱ्यावर बसथांबा, असं समजलं.

कॉलनीत खळबळ उडाली. सोसायटीचे सचिव आमच्या गच्चीवर बैठक घ्यायला आले. नळाला पाणी आधीच काही दिवसांआड येतं, त्यात आणखी एवढी कुटुंबं आली तर? गाड्या कुठं लावणार? कोण कुठली माणसं येतील? शेवटी सचिव माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमची भाषा चांगली आहे. हरकतीचा अर्ज तुम्हीच लिहा."

मला बरं वाटलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात माझ्या भाषेचं कुणाला काम पडलं नव्हतं. मी दोन दिवस खपून अर्ज लिहिला. पाण्याबद्दल लिहिलं, रस्त्याबद्दल लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य घातलं: 'सदर जागेवर लहान सदनिकांची दाट वस्ती झाल्यास परिसराचा दर्जा व येथील कुटुंबांची शांतता धोक्यात येईल.' ते वाक्य सचिवांना फार आवडलं. ह्यांनी वाचून नुसतं "हं" केलं. साऱ्या कॉलनीनं खाली सह्या केल्या. पहिली माझी होती.

हरकतींची सुनावणी एका सभागृहात होती. दुपारची वेळ, पंखे गरम हवा ढवळत होते. पुढं टेबलाशी अधिकारी आणि भिंतीवर तो मोठा नकाशा. एकेकाचा पुकारा व्हायचा. सात रस्त्याकडचे एक दुकानदार उठले. "साहेब, पूल झाला की गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून जाणार. खाली माझ्या दुकानात कोण उतरणार?" लगेच मागून एक तरुण ताडकन उभा राहिला. त्याच्या वडिलांना दवाखान्यात नेताना गाडी तिथंच अडकली होती. "तुमचं गिऱ्हाईक मोठं का माणसाचा जीव?" दोघांची जुंपली. अधिकारी टेबलावर पेन आपटत राहिले.

तेवढ्यात टॉवेलच्या कारखान्यात काम करणारी एक तेलुगू बाई, पुकारा नसतानाच, उभी राहिली. "पूल बांधा न्हायतर नका बांधू," ती म्हणाली. "आमाला पुलावरनं जायाला गाडीच न्हाय. बस कवा देता तेवढं सांगा."

लोक हसले. त्या हसण्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, "व्हय की! लई बराबर बोलली!"

तो आवाज मी हजारांत ओळखला असता. वळून पाहिलं तर भिंतीकडेच्या खुर्चीवर अक्का. मांडीवर कापडी पिशवी, हातात घडी घातलेला कागद. मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले.

"तू हितं कुटं, तंगी?" तिनं विचारलं. धाकट्या बहिणीला आमच्याकडे तंगी म्हणतात. आणि माझं उत्तर यायच्या आत तीच सांगू लागली. तोंडभर हसत होती. "तुला सांगायचं न्हवतं. एकदम पिशवी घेऊन दारात उभी ऱ्हाणार होते. तुज्या कॉलनीमागं ते रान हाय न्हवं, तितं घरं होणार हायत. ल्हान घरं, आमाला परवडतील अशी. पोरगा म्हणला, अर्ज करू. पर लोकांनी हरकत घेतलीया म्हणं. म्हणून तो म्हणला, आई, तू जा आनि सांग साहेबांना. त्याला सुट्टी न्हाय की."

माझ्या हातात आमच्या अर्जाची प्रत होती. ती मी उलटी करून मांडीवर धरली. सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण ती "गुरुवार कशाला, रोज भेटू" असं काहीतरी म्हणत होती आणि मला तिचं बोलणं थांबवणं जमलं नाही.

मग आमच्या कॉलनीचा पुकारा झाला. अधिकाऱ्यांनी अर्ज उचलला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पाणी, रस्ता, आणि मग ते वाक्य. 'परिसराचा दर्जा.' शेवटी त्यांनी पहिल्या सहीचं नाव घेतलं. माझं.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं झालं असतं. ती नुसती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, लहानपणी मी इंग्रजीचं पुस्तक वाचून दाखवायची तेव्हा करायची तसा.

मी उभी राहिले. पुढच्या रांगेत सचिव निर्धास्त बसले होते. मी म्हणाले, "साहेब, हा अर्ज मी लिहिलाय. पाण्याचं खरं आहे, रस्त्याचं खरं आहे. ती आधी सोय करा, मग घरं बांधा. पण बांधा. दर्जाचं वाक्य खोटं आहे. तिथं कोण राहायला येणार याचा विचार न करता मी ते लिहिलं. ते खोडायचं आहे."

"बाई, हा सगळ्यांचा अर्ज आहे," अधिकारी शांतपणे म्हणाले. "तुम्हाला एकटीला खोडता येणार नाही. तुमची सही काढून घ्यायची असेल तर लेखी द्या."

मी पिशवीतून वही काढली आणि उभ्यानंच चार ओळी लिहून दिल्या. सचिव बाहेर जाताना माझ्याजवळ थांबले. "निदान आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. अक्कानंही नंतर आपला कागद दिला. साहेबांपुढं तिला फार बोलता आलं नाही. "घर पायजे साहेब, बहिणीजवळ," एवढंच म्हणाली आणि बसली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "ते दर्जा घालवणारे म्हणजे आमी का ग?"

"नाही अक्का. तसं नाही."

"मग कोण?"

मी रिक्षाला हात केला. रिक्षा आली. चढताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चढल्यावरही थोडा वेळ तसाच राहू दिला. तो आधारासाठी होता की दुसऱ्या कशासाठी, हे मी पुष्कळदा मनाशी ताडून पाहिलं आहे.

आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा त्या रानावरचा पिवळा रंग निघाला होता. पाणी आल्यावर पुढच्या टप्प्यात विचार करू, असं ठरलं. माझ्या अर्जामुळे तसं झालं की पाण्यामुळे, ते कुणी सांगू शकत नाही. ह्यांनी पुष्कळदा समजावलं, "तुझ्या एका वाक्यावर का शहर चालतं?" नसेल चालत. पण त्या रानातली घरं नकोत असं सुंदर अक्षरात मीच लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी अक्काच्या मुलानं पुण्याकडे नोकरी धरली. बोळातलं घर भाड्यानं देऊन सगळे गेले. आता ती उंच इमारतीत राहते. अलीकडे फोनवर घाई नसते तिला. "हितं बस लई हायत ग," एकदा म्हणाली, "दारातनं सुटत्यात. पर जायाचं कुणाकडं?"

कॉलनीत काही दिवस लोक माझ्याशी बेताचंच बोलत होते. नंतर विसरले. मी मात्र त्या रानावर घरं व्हावीत आणि बस पुन्हा सुरू व्हावी म्हणून दर वर्षी एक अर्ज देते. पोच घेते आणि घरी येते.

गेल्या दिवाळीत अक्का दोन दिवस राहायला आली. सकाळची कामं आटोपल्यावर तिनंच माझा हात धरून मला मागच्या कुंपणापाशी नेलं. बाभळी आणखी वाढल्या होत्या. कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. मग बोट वर करून तिनं रिकाम्या हवेत एक जागा दाखवली.

"तितं घेतलं असतं बघ," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या वर चढवलं नसतं मला गुडघ्यांनी."

"खिडकी आमच्याकडेच आली असती," मी म्हणाले.

"व्हय की. हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

मग ती त्या घराबद्दल सांगत राहिली. तुळस कुठं ठेवली असती, पापड कुठं वाळवले असते, कुठल्या वेळेला ऊन आत आलं असतं. मी ऐकत उभी राहिले. आतून ह्यांनी जेवायला हाक मारली, तरी आम्ही दोघी हललो नाही.