गाऱ्हाणे राहिलेली गाडी

मंगळवार, नऊ जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. बुवांचा फोन आला. चौदा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. काम असले की ते आमच्या मुलुंडच्या इमारतीखाली उभे राहून एकच हाक मारीत आणि मी गॅलरीत येईपर्यंत गप्प थांबत. त्या सकाळी ते म्हणाले, "साहेब, गाडी सुरू होणा नाय. पेणच्या पुढे आसंय." मी कारण विचारले नाही. ते मला ठाऊक होते.

भांडुपच्या भजन मंडळात ते गात, म्हणून बुवा. पोटासाठी टॅक्सी चालवीत. माझ्या पत्नीच्या अखेरच्या वर्षी आठवड्यातून दोनदा त्यांनीच तिला रुग्णालयात नेले. रस्त्यातले खड्डे त्यांना पाठ होते. तिला ते जाणवू नयेत म्हणून ते दूरचा रस्ता घेत आणि जवळच्या रस्त्याचे पैसे घेत. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

दिवसाचे पहिले भाडे ते घरी खर्चू देत नसत. "पयला भाडा पुढच्या गाडयेचा," असे म्हणून ते वेगळे काढीत. चालू गाडी अंगणात उभी असताना पुढच्या गाडीची तजवीज करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलीच्या लग्नात त्यातले अर्धे गेले. उरलेल्या अर्ध्याला त्यांनी हात लावला नाही.

त्यांच्या टॅक्सीची मुदत संपली आणि ती मोडीत निघाली, तेव्हा बुवा अठ्ठावन्न वर्षांचे होते. बँकेने वय पाहून कर्ज नाकारले. साठलेल्या पैशांत एक जुनी गाडी येत होती. एका कंपनीची दुसरी योजना होती: तेच पैसे अनामत ठेवायचे, नवी गाडी न्यायची, रोजचे भाडे भरायचे, चार वर्षांनी गाडी आपल्या नावावर. बुवांचा कल जुन्या गाडीकडे होता.

"भाड्याच्या खोलयेत हयात गेली, साहेब. गाडी तरी आपली व्हयी."

माझी नोकरी हिशेब खात्यात झाली. मी त्यांना कागदावर मांडून दाखवले की जुनी गाडी गॅरेजमध्येच जास्त दिवस काढील आणि हातात काही उरणार नाही. कागदावर माझे म्हणणे बरोबर होते. आजही आहे. बुवांनी सही केली.

करारातली एक अट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई ही हद्द. ती ओलांडली तर कंपनी दुरूनच गाडी बंद करील, परत घेईल आणि अनामत जप्त होईल.

"म्हंजे गावाक न्हेवची नाय?"

"नाही."

"पण देवाक दाखवूक व्हयी ना! गाऱ्हाणा घालूक व्हया."

कोकणी घरात नवी गाडी आली की ती आधी ग्रामदेवतेपुढे उभी करतात. नारळ ठेवून गुरव देवाला साकडे घालतो की हिला आणि हिच्यात बसणाऱ्याला सांभाळ. त्यालाच ते गाऱ्हाणे म्हणतात. मी म्हणालो, "गाडी तुमच्या नावावर होईल तेव्हा न्या. तोवर या गोष्टी बाजूला ठेवा." त्यांनी मान डोलावली. तो होकार नव्हता, हे मला ओळखता यायला हवे होते.

पहिल्याच आठवड्यात उभ्या गाडीचा आरसा कोणीतरी मोडून गेले. पुढच्या महिन्यात वाकोल्याच्या पुलावर मागच्या सीटवरचा प्रवासी बेशुद्ध पडला आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच गेला. बुवांनी सीट स्वतः धुतली. त्यानंतर ते गाडीत गुणगुणेनासे झाले. डिसेंबरात त्यांची पत्नी जिन्यावरून पडली आणि मनगट मोडले. मी भेटायला गेलो तेव्हा बुवा दाराशी बसून खालच्या गाडीकडे पाहत होते.

"ह्यांका सांगा, साहेब," वहिनी म्हणाल्या. "माझो पाय सरकलो, इतक्याच. गाडयेचो काय संबंध?"

"तू गप रव्ह," बुवा म्हणाले. "आधी आरसो, मगे तो माणूस, आता तू. चवथो कोण ता माका बघूचा नाय."

मी हसण्यावारी नेले. वहिनी हसल्या नाहीत.

नऊ जानेवारीला ते पहाटे एकटेच निघाले. संध्याकाळपर्यंत देवळात पोहोचायचे आणि रातोरात परतायचे, असा बेत होता. हद्द ओलांडून पेणच्या पुढे चहाला उतरले. परत येऊन किल्ली फिरवली, तर गाडी मुकी. मी कंपनीला फोन लावला. तासभर विनवले, आयुष्यात प्रथमच. शेवटी गाडी फक्त परतीसाठी सुरू करून मिळाली. दुपारी चारपर्यंत गोरेगावच्या यार्डात जमा करायची होती. अनामतीबद्दल त्यांनी बोलूही दिले नाही.

मी रिक्षाने यार्डात गेलो. बुवा मुदतीच्या दहा मिनिटे आधी पोहोचले. तिथला कारकून तिशीचा होता.

"काका, तुम्हीपण ना! सिस्टीममध्ये रेड आलंय, माझ्या हातात काय नाय आता. कोकणात कशाला घातलीत?"

"देवाक दाखवूक."

त्याचे पेन थांबले. तो एकदम मालवणीत बोलू लागला. "झाला गाऱ्हाणा?"

"नाय. वाटेतच बंद पडली."

बुवांनी किल्ली पुढे केली. त्याने हात मागे घेतला. "थय टेबलार ठेवा," तो म्हणाला, आणि आतल्या माणसाला हाक मारून किल्ली उचलायला सांगितली. त्या माणसाने ती बेफिकिरीने खिशात टाकली. ही गाडी उद्या दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होती. बुवा त्या खिशाकडे पाहत राहिले.

"ज्येका ही गाडी देशात, तेका सांगा, गाऱ्हाणा रवला हा," ते कारकुनाला म्हणाले. तो कागद चाळत राहिला.

मी म्हणालो, "बुवा, सल्ला माझा होता."

"सही माझी होती, साहेब."

त्यानंतर बुवांनी कोणतीच गाडी चालवली नाही. महिन्याभरात खोली सोडून दोघे गावी गेले. आमची शेवटची भेट ती यार्डातलीच.

त्या दुपारी आम्ही यार्डाच्या फाटकापर्यंत आलो आणि बुवा मागे वळले. यार्डाची जमीन उताराची होती. बुवांच्या गाडीमागे, उताराच्या खालच्या बाजूला, दोन माणसे टायर धुवत बसली होती. बुवांनी भिंतीकडेचा एक दगड उचलला, मागच्या चाकाखाली सारला आणि पायाने घट्ट बसवला.