दिल्लीले सहा घंटे

संत्रं सोलताना हाताला तो कडवट वास लागला की मला आईची खाट आठवते. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि मी फोड पिळून तिच्या जिभेवर थेंब सोडत होते. टोरंटोहून भाऊ यायचा होता. बाबा उशाशी बसून मोबाइलच्या नकाशावर त्याचं विमान बघत होते. "अवो, कुठी आला तो?" आई डोळे मिटूनच विचारायची. "समुद्र ओलांडला वं. दिल्लीले सहा घंटे राहिले, तिथून नागपूर पावणेदोन." साडेअकरा हजार किलोमीटर त्यांनी असे तिच्यासाठी घंट्याघंट्यानं कमी करत आणले. भावाचा मेसेज मला सकाळीच आला होता, सुट्टी मिळाली नाही, मी विमानात बसलोच नाही. तो मी कुणालाच दाखवला नाही. विमान दिल्लीला टेकलं तसं "उतरला वं!" म्हणत बाबांनी एअरपोर्टवर जायला इस्त्रीचा शर्ट चढवला. आई हसली, आणि दिवेलागणीला गेली. भाऊ अजून आलेला नाही. बाबा मात्र रोज जेवण झालं की तेच विमान लावून बसतात, आणि "कुठी आला तो?" हे आता मी विचारते.