हरल्यावर याल का?

मी लिहिलेल्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं: तुमचं मत गुप्त असतं, न घाबरता द्या. गडचिरोलीपासून बरंच आत, जंगलातल्या एका लहानशा गावात मी ते वाचून दाखवलं, तर गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, जमलेली माणसं हसायलाच लागली.

"गुप्त कायचं, बाई?" एक म्हातारे भाऊ म्हणाले. "आमचं एकच बूथ. मोजणी झाली का साऱ्यांले कळते, या गावानं कोणाले देल्लं. अन् आमी तं सारेच मिळून एकाले देतो."

लोकसभेची निवडणूक होती. मोहफुलं पडायचे दिवस. सकाळची वेचणी आटोपून लोक सभेला बसले होते. दोन मोठे पक्ष आणि तिसरे आम्ही, काही संघटनांनी मिळून उभा केलेला उमेदवार. शहरात रोज ऐकायचे, तिसऱ्याला मत म्हणजे वाया. डोकं फिरायचं माझं. मत काय सट्टा आहे, जिंकणाऱ्यावरच लावायला? हे वाक्यसुद्धा पत्रकात होतं.

इथे 'वाया' कुणी म्हटलंच नाही. सरळ विचारलं, "तुमचा माणूस निवडून येईन का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायला मी गेले नव्हते.

"मंग त्याले देऊन काय होते?"

मी तावातावाने बोलले. जंगलावरचे हक्क, दोन्ही मोठ्यांची एकच भाषा, संसदेत नाही तर निदान आकड्यांत दिसणारा आपला राग. माना हलल्या. जमलं म्हणून मी पत्रकं गोळा करायला लागले, तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, "माह्यं नाई हाये."

त्या गावात हात वर करून मोजत नाहीत. एकाचंही 'नाही' असलं की निर्णय थांबतो. त्याचं म्हणणं सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा बसायचं. मला ते काही पटेना. "बाई, मत ज्याचं त्याचं असतं. तुम्ही तुमचं द्या, ते त्यांचं देतील."

"मत ज्याचं त्याचं, तं नाला काऊन साऱ्यांचा?"

त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण, तेही ऐन पावसाळ्यात. गाव आणि दवाखाना यांच्यामध्ये नाला, आणि त्यावरचा पूल दोन्ही मोठे पक्ष दर निवडणुकीत कबूल करायचे. आमच्या बूथवर काही मिळालं नाही हे जिंकणाऱ्याने पाहिलं, तर पूल कायमचा गेला, असं बाईंचं म्हणणं.

"आजवर दिला का त्यांनी पूल?" मी चिडून विचारलं.

"नाई देल्ला. पण मांगाले जागा तं हाये. तुमच्या माणसाले काय मांगू? तो तं हरते!"

सगळे हसले. निर्णय उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा बसली. बाईच आधी बोलल्या. "जिंकणारे पावसाळ्यात येत नाईत, हे आमाले माहीत हाये. हरणारे येतेत का, हे नाई माहीत. हरल्यावर याल का?"

"येणार."

"तुमच्या माणसाचं सांगून राह्यली, का तुह्यं सोताचं?"

"माझं."

बाईंनी मान हलवली. गावाचं ठरलं.

आम्ही सपाटून हरलो. ऑफिसात मित्राने बूथनिहाय आकडे दाखवले. ते एक गाव तेवढं आमचं. "वाया गेलं की नाही बिचाऱ्यांचं?" तो म्हणाला. मी भांडले, पण आतून मलाही कळत नव्हतं. पूल त्या वर्षी झाला नाही. याआधी तरी कुठे झाला होता?

पाऊस लागल्यावर मी त्याच मित्राची जीप मागून घेतली आणि गेले. नाला अजून उतरण्यासारखा होता. जीप अलीकडे ठेवून मी पलीकडे गेले. सुनेला मध्ये धरून बाई आणि मी गुडघाभर पाण्यातून चालत आलो. दवाखान्याजवळ माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बायका तिथे आधीच येऊन राहतात. तिला तिथे पोचवायचं होतं.

काठावर बाईंनी लुगड्याचा पदर पिळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एक सांग वं पोरी. जिंकले असते तुमी, तं आली असती का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"आत्या, आधी गाडीत तं बसू द्या," सून म्हणाली.

तिघी बसलो. मी चावी फिरवली. बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या.