दुसरी बाजू

लेकीच्या फोनवर पियानो वाजायला लागला आणि मला बसवेना. वडवणीच्या आमच्या घरी याच रशियन संगीतकाराची कॅसेट होती. अक्काला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी मोठ्या रुबाबात तीच टेपवर लावली. पियानो नुसता येरझारा घालत राहिला.

"गाणं कवा सुरू व्हायचं?" पाहुण्यांनी विचारलं.

"व्हईल की. गाणं झालं की पोरीला बोलवू," अण्णा म्हणाले.

कुणी गायलंच नाही. आत अक्का पोह्यांचं ताट धरून उभी होती. खटका वाजून कॅसेट थांबली, तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "दुसरी बाजू लाव की गं."

मी पळत बाहेर गेले, तोवर अण्णांनी तिला हाक मारली होती.

फोनवर बाजू बदलावी लागत नाही. पियानो चालूच आहे, तरी माझे कान त्या हाकेकडेच.