श्रेणिक शेठची पिवळी गाडी

वडीगोद्रीला हायवेच्या कडंला माह्यं वॉशिंग सेंटर आहे. रविवारी सकाळी जालन्याची, अंबडची गाडीवेडी पोरं तिथं जमतात. पोरं म्हणायचं आपलं, निम्म्यांचे केस पिकून राह्यलेत. गाड्या धुवायच्या, चहा प्यायचा आन् भांडायचं, हा कार्यक्रम. भांडण पण ठरलेलं. छोटी पण जबर पळणारी गाडी, ज्याला हे लोक हॉट हॅच म्हणतात, ती दिसायला कशी असावी? साधी, का डोळ्यात भरणारी?

ह्या भांडणाचा जज म्हंजी श्रेणिक. जालन्याच्या मस्तगडात त्याचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आल्ते, घरात मारवाडी चालते, बाहेर आमच्यासारखंच बोलतो. चिमटीत कापड धरून कोणत्या मिलचं ते सांगायचा, आन् गाडीही तशीच बघायचा. कुणी नवी गाडी घेतली की आधी मंदिरापुढं नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबू जायचं आन् येत्या रविवारी गाडी श्रेणिकपुढं उभी राह्यची. तो तिच्याभोवती फिरायचा, उकिडवा बसून बघायचा, पार बोअरपाशी लांब जाऊन बघायचा. तोवर मालकाला घाम फुटलेला असायचा.

आन् बोलायचा असा की समोरच्याच्या अंगाची लाही व्हावी. आमचा माऊली, अंबडला त्याचं मोबाईलचं दुकान आहे, नवी कोरी केशरी गाडी घेऊन आल्ता. डिक्कीवर हा एवढा पंखासारखा स्पॉयलर, दाराखाली लाल पट्टी, पुढच्या बंपरला दोन्हीकडून काळ्या जाळ्या. श्रेणिकनं जाळीत बोट घातलं, तर बोट जाईना. आत भोकच न्हाई, नुसतं प्लास्टिक.

"माऊली, ह्याच्यातून हवा कुठं जाते रे?"

"कुठंच न्हाई जात शेठ. डिझाइन आहे ते."

"मंग खोटंच झालं ना यार. चांगल्या कापडावर मिलचं नाव किनारीला असतं, कुणी शोधलं तर दिसतं. छातीवर छापून फिरत न्हाई कुणी."

माऊली काय ऐकून घेतो? "मंग जन्मभर पांढऱ्या गाडीत बसू का, दूधवाल्यासारखं? लोकानं वळून बघावं म्हणून तर घेतली. तुमची गाडी शेठ, उभी असली तर कुत्रं पण बघत न्हाई."

"न्हाई बघत ना? मंग बराबर जमलंय."

खरंच बघत न्हाई. श्रेणिकची गाडी राखाडी, पावसाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी. इंजिन सगळ्यांत तेज, पण वरून एक खूण न्हाई. मागची कंपनीची अक्षरंसुद्धा त्यानं गरम पाणी टाकून काढलेली. शहागडच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर त्यानं पाय दिला की शेजारी बसलेला मी दाराचं हँडल गच्च धरायचो. मला श्रेणिकचं पटायचं, माऊलीचंही पटायचं, आन् राग दोघांचाही यायचा. पण रविवार चुकवायचो न्हाई.

दोनेक वर्षांमागं शेठ बदलून राह्यला. संध्याकाळी कुठं जमलो की ह्याला निघायची घाई. म्हणायचा, "चौविहार धरलाय. सूर्य बुडायच्या आत घरी जेवायला पाह्यजे." अरे, हाच माणूस रात्री आमच्यासंग ढाब्यावर बसून दाल फ्राय हाणायचा, मालकाला दम देऊन बिनकांद्याची करून घ्यायचा. जैन घरातलं असतं तसलं, वय वाढलं की माणूस देवाधर्माला लागतो, असं आम्ही धरलं. माऊली विचारायचा, "शेठ, दीक्षा कधी?" श्रेणिक नुसता हसायचा. मंग एकदा भर सकाळी त्यानं गाडी माह्या गेटच्या खांबाला घासली. हात चुकला म्हणला. त्याच्यानंतर त्याची लेक आयुषी गाडी चालवायला लागली, हा शेजारी बसून यायचा. शेठनं पोरीला लाडावलं, असं सगळे म्हणले. मी पण म्हणलो.

ते सगळं ठीक. पण एका रविवारी त्याचा निकालच बदलला. कुणाची तरी पिवळी जर्द गाडी आल्ती, बॉनेटपासून डिक्कीपर्यंत काळे पट्टे, चाकाला लाल रंग. आम्ही चहा खाली ठेवून वाट बघत होतो, आता शेठ कसा सोलून काढतो ते. तो कितीतरी वेळ तिच्यापुढं उभा राह्यला.

"छान आहे," म्हणला.

माऊलीला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. महिन्याभरात त्यानं स्वतःची राखाडी गाडी हळदीसारखी पिवळी करून आणली. काळे पट्टे, वर स्पॉयलर, सगळं. आयुषीनं गेटातून ती गाडी आत घेतली तवा माऊलीच्या नाकातून चहा आला. ग्रुपवर दिवसभर एकच चाललं, जज फुटला, जज फुटला. मला मात्र हसू आलं न्हाई, माह्यं डोकंच फिरलं.

"श्रेणिक, इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांना नावं ठेवली ना तू? आन् हे काय करून ठेवलं? जत्रेतला पाळणा दिसून राह्यला."

"माणसाचं मन बदलत न्हाई का?" म्हणला आन् आयुषीला म्हणला चल.

पुढं माह्या भाचीचं लग्न निघालं. आहेराचं कापड घ्यायला मी मस्तगडात गेल्तो. दुकानात त्याची बायको, शिखावहिनी, मीटरनं कापड मोजून राह्यल्या होत्या, श्रेणिक गादीवर बसलेला. मी बराबर त्याच्यापुढं जाऊन उभा राह्यलो. त्यानं माह्याकडं तोंड केलं, हात जोडले आन् म्हणला, "या साहेब, बसा. काय दाखवू?"

मला वाटलं, त्या दिवसाचा राग काढून राह्यला. "नाटकं बंद कर शेठ," म्हणलो मी.

आवाज ऐकला तसा त्याचा चेहरा पडला. वहिनींनी कात्री खाली ठेवली.

"कल्याणभाऊ, त्यांना दिसत न्हाई हो," त्या म्हणल्या. "डोळ्याचा पडदा सुकून राह्यलाय. आधी रात्रीचं गेलं, मंग बाजूचं गेलं. आता समोरचं पण माणूस हाय का खांब, कळत न्हाई. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं, इलाज न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसलो. श्रेणिकनं पुढ्यातलं कापड चाचपून बाजूला सारलं. मंग आपणच सांगायला लागला.

"गाडी घरापुढंच उभी असायची यार, आन् मला सापडायची न्हाई. राखाडी रस्ता, राखाडी भिंत, राखाडी गाडी. मी गल्लीत हात पुढं करून उभा, आन् आयुषी म्हणायची, पप्पा, समोरच तर आहे. पिवळं आन् काळं तेवढं अजून कळतं. म्हणून केली. जितके दिवस दिसती तितके दिवस बघतो."

"आन् आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर माह्यापुढं गाडी कुणी उभी केली असती का? आणली असती, पण दयेपोटी. माऊली म्हणला असता, शेठ म्हणतो ते खरं, शेठ म्हणतो ते खरं. कुणी भांडलंच नसतं. डोळे जाऊन राह्यले ते जाऊ दे. रविवार पण जावा का माह्या हातून?"

मला ह्या गोष्टीचा राग अजून आहे. जिवाभावाची माणसं आम्ही, आन् ह्यानं एकट्यानं अंधारात चाचपडत दोन वर्षं काढली. पण त्यानं कुणाला न सांगायचा शब्द घेतला, मी दिला. त्याच्यानंतर माऊली त्याला फुटका जज म्हणायचा आन् मला माऊलीच्या थोबाडीत द्यावी वाटायची. मी नळीनं पाणी मारत राह्यचो. श्रेणिक गाड्यांभोवती फिरायचा, पत्र्यावरून तळवा फिरवत, जसं काय तो फिनिशिंग बघून राह्यला. कुणाच्या लक्षात आलं न्हाई.

ह्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"कल्याण, गाडी घेऊन जा आन् परत राखाडी करून आण. स्पॉयलर काढ, पट्टे काढ."

"का रे, माऊलीनं लई छळलं का?"

"न्हाई," म्हणला. "आता पिवळी पण दिसत न्हाई. मंग कशाला उगं पिवळी ठेवायची? मला तर राखाडीच आवडायची."

मी चालू नळी बंद केली. मंग विचारलं, आता तरी पोरांना सांगू का? तो म्हणला, सांग.

गाडी तयार झाली त्या रविवारी मी सगळ्यांना लवकर बोलावलं आन् सांगितलं. माऊली चहाचा कप धरून उभा होता, त्याचा चहा तसाच गार झाला. तेवढ्यात आयुषी श्रेणिकला एसटीतून उतरवून घेऊन आली. त्यानं गाडीच्या छतावर हात ठेवला, डिक्कीपर्यंत नेला, स्पॉयलरच्या जागी बोटं फिरवली.

"बोला. कशी दिसते?"

"चांगली दिसते शेठ," एक जण म्हणला. दुसराही म्हणला, चांगली दिसते. मंग तिसराही तेच. श्रेणिक मान हलवत राह्यला, पण त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याला ज्याचं भ्या होतं तेच व्हायला लागलं होतं.

"मला न्हाई आवडली," माऊली म्हणला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मी त्याला डोळ्यानं दटावलं. पण तो थांबला न्हाई.

"खरं सांगतो शेठ, पिवळी शंभर पटीनं भारी होती. ही काय गाडी आहे? सिमेंटचं पोतं दिसून राह्यली."

श्रेणिकनं झटकन आवाजाकडं तोंड वळवलं. किती दिवसांनी तो असा ताठ उभा राह्यला. "तुला काय कळतं रे शोभेच्या जाळ्या लावणाऱ्याला? ये इकडं, हात दे. ही रेघ बघ, पुढच्या दिव्यापासून निघती ती मागच्या दिव्यापर्यंत कुठं तुटती का? हिच्यावर पट्टे मारले म्हंजी ती मरती. बघ नीट. लांब जाऊन बघ."

तो बोलत सुटला. पत्रा, रेघा, चाकाच्या वरचा उंचवटा, सगळं तोंडपाठ. अधूनमधून थांबून विचारायचा, "पटतंय का? बोल ना, आता का गप?"

माऊली केव्हाच पाण्याच्या टाकीमागं जाऊन तोंडाला रुमाल लावून बसला होता. आन् श्रेणिक, माऊली आधी उभा होता त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून, हात पुढं धरून, त्याला समजावून सांगून राह्यला होता.