चादरीतले दोन दोरे

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आमच्या कादंबरीतल्या जादूला नियम कसे लावायचे?" फोन ठेवल्यावर एक जुना प्रसंग आठवला, म्हणून लगेच लिहायला बसले.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहत होतो. तुमची आई सात वर्षांची. सात रस्त्यावर आजोबांच्या सायकलवरून पडून तिचा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घालून बजावलं, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, नाहीतर हाड वाकडं जुळेल.

तिला पलंगावर थोपवायला मी इंग्रजीतल्या परीकथा मराठीत सांगू लागले. माझा जादूगार कांडी फिरवून काहीही करी, तरी राक्षसाला घाबरे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मग तो घाबरतो कशाला?" आणि खाली उतरू लागली.

शेजारची अक्का मदतीला आली. तेलुगू घरातली, घरच्या मागावर चादरी विणणारी. लिहिणं-वाचणं येत नव्हतं. तिनं स्वतः विणलेली नवी चादर पोरीला पांघरली आणि गोष्ट सुरू केली. एका मुलीकडे अशीच चादर होती. मागेल ते द्यायची. पण प्रत्येक मागण्याला एक दोरा जायचा. गेलेला दोरा परत यायचा नाही आणि तिथून थंडी शिरायची.

"अन् सगळे दोरे संपले की?"

"मग बस की कुडकुडत!"

तुमची आई हलेना. काय मागायचं आणि काय सोसायचं, याचा विचार ती त्या मुलीच्या वतीनं दिवसभर करायची. इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली मी दारात उभी राहून ऐकत असे.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी अक्काला कामातून उठता येईना. गोष्ट मी पुढे नेली आणि मुलीला किल्ल्याच्या बंद दारातून अलगद बाहेर काढलं.

"दोरा?" तुमच्या आईनं विचारलं.

"एवढ्याशाला कशाला दोरा?"

"खोटं! मी अक्काला विचारणार!" प्लास्टरचा पाय पलंगाखाली आला. मी तिला घट्ट धरलं आणि भिंतीपलीकडे हाक मारली. मागाची खटखट थांबली. केसांत कापसाची तुसं घेऊन अक्का धावत आली, तशी तुमच्या आईनं तक्रार केली.

"काय ओ बाई, फुकटात सोडवली व्हय तिला?"

"चुकलंच," मी म्हणाले.

"दोरा गेला की, पोरी. आईला दिसला नाही. चोरून गेला, म्हणून दोन गेले."

"कुठले?"

अक्कानं पोरीच्या अंगावरच्या चादरीचा काठ उचलला, नखानं टोक सोडवलं आणि एकामागून एक दोन दोरे ओढून काढले. स्वतःच्या हातानं विणलेल्या कोऱ्या चादरीतून! तिनं केलेला नियम तिलाही मोडता येत नव्हता. तो मी मोडला होता आणि भरपाई तिनं केली.

तुमच्या आईनं ती फट बोटानं चाचपली आणि पाय हळूच पांघरुणात घेतला. प्लास्टर निघेपर्यंत तो पुन्हा खाली आला नाही. हाड सरळ जुळलं.

ती चादर माझ्या कपाटात आहे. उजेडासमोर धरली की काठाशी दोन दोऱ्यांची फट दिसते. बाकीची चादर शाबूत आहे.